गंगासागरचं युगांडाचं रिचार्ज

तर मोहनरावांचं रिचार्ज युगांडाला जायच्या ऐवजी ओडिशात जाऊन पडलं आणि ज्याच्या फोनात पडलं त्या माणसाला त्यांनी भर दुकानात फोन लावला, इथवर आपण काल आलो होतो. पुढं ऐका.

"हॅलो, कौन बोल रहा है?" मोहनराव कडाडले. पाच वर्षं सरपंच होते, आवाज अजून खुर्चीवरच बसलेला आहे.

पलीकडून गरिबासारखा आवाज आला, "मैं रिक्षा चलाता हूँ बाबू. आप कौन?"

"तुम्हारे फोन में हमारा रिचार्ज आया है. वापस करो."

"अरे, वो आपने भेजा था?" माणूस असा खूश झाला की विचारू नका. "सुबह से सोच रहे थे किसने भेजा. घरवाली बोली, मेरे भाई ने ही भेजा होगा. उसने तो आज भाई को खाने पे बुला लिया."

मोहनरावांनी फोन खिशात घातला, उपरणं झटकलं आणि आमच्याकडं न बघता म्हणाले, "मानूस इमानदार वाटला."

दुकानदार शिवलिंगप्पा साखर तोलत होते. मान वर न करता बोलले, "कुनाच्या का मेव्हन्याला होईना, जेवू घातलं तुमी. पुन्य लागंल."

सगळं दुकान हसलं. पायरीवर बसलेल्या छबुबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

काल जे बाकावर नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडक्यात सांगतो. छबुबाई म्हणजे मोहनरावांच्या थोरल्या भावाची बायको. त्यांचा एकुलता एक अंगद माजलगावकडच्या साखर कारखान्यात पॅनमन होता. पॅनमन म्हणजे रस शिजता शिजता साखरेचा दाणा कधी धरला हे नुसतं बघून ओळखणारा गडी. हे काम पुस्तकात शिकून येत नाही, म्हणून अशा माणसांना आफ्रिकेतल्या कारखान्यांकडून बोलावणं येतं. अंगद दोन वर्षांपूर्वी युगांडाला गेला. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा, छबुबाई त्याला विचारायच्या काय जेवलास, तो सांगायचा केळ्याची भाजी, त्या म्हणायच्या कशाला खोटं बोलतोस.

आणि एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा सोबती रामहरी, आष्टीकडचा, त्याचा निरोप आला: अंगदला मलेरिया झालाय, तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलाय, आता ठीक आहे, त्याच्या फोनातलं नेट संपलंय, मी पाळीवर चाललो. पाळीवर जाताना फोन कारखान्याच्या दारात जमा करावा लागतो, त्यामुळं रामहरीचा फोनही बंद झाला, तो नंतर लागलाच नाही. तिकडून रिचार्ज करून द्यायला अंगदच्या खाटेजवळ आपलं कोणी नाही.

मोहनरावांची चूक काय झाली तेही सांगतो, कारण ती माझ्याकडूनही झाली असती. आपल्या हाडात बसलंय की मोबाईल नंबर म्हणजे दहा आकडे. त्याच्यापुढं जे दोन आकडे दिसतात ते देशाचे, ते सोडायचे. अंगदचा नंबर फोनात बारा आकड्यांचा होता. मोहनरावांनी सवयीनं पुढचे दोन सोडले आणि उरलेले दहा रोजच्या रिचार्जच्या ॲपात टाकले. पण युगांडाचे पुढचे आकडे तीन आहेत, दोन पाच सहा! तिसरा आकडा सहाचा, तो नंबरात घुसला, आणि सहापासून सुरू होणारा दहा आकडी नंबर भारतात कुणाचा तरी असणारच. तो निघाला त्या रिक्षावाल्याचा.

आता हे सगळं ज्या दुकानात चाललं होतं त्या दुकानाच्या मालकिणीबद्दल सांगायचं म्हणून तर मी ही गोष्ट काढलीय.

गंगासागर उदगीरकडची. लिंगायताची लेक, दहावी शिकलेली, वीसएक वर्षांपूर्वी आमच्या चौसाळ्यात सून म्हणून आली. हमरस्त्याला लागून सासऱ्यांचं किराणा दुकान, पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे, केदारनाथ किराणा. गंगासागरनं त्या दुकानाच्या एका कोपऱ्यात बिस्किटांचे डबे सरकवून दोन हात जागा केली आणि रिचार्जची कार्डं विकायला सुरुवात केली. खरवडून नंबर काढायची कार्डं होती ती. तिथून आजपर्यंत चौसाळ्यातला आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचा कुठला फोन तिच्या हातून बोलता झाला नाही, ते शोधून काढावं लागेल. माणसाचं नाव ती एखाद्या वेळी विसरेल, पण शेवटचे चार आकडे विसरत नाही. मी दुकानात आलो की नवऱ्याला, शिवलिंगप्पांना, सांगते, "अहो, चव्वेचाळीस अठरा आलेत, च्या सांगा."

तिचा एक नियम आहे. रिचार्ज मारलं की गिऱ्हाइकानं हलायचं नाही. त्याच्या फोनात मेसेज वाजला पाहिजे, तेव्हा ती म्हणणार, "पोचलं." त्याच्या आधी नाही. एकदा बीडला कोर्टात निघालेल्या एका वकिलाची पिशवी तिनं काउंटरवर धरून ठेवली. एसटी निघून गेली. पुढच्या गाडीपर्यंत वकीलसाहेबांनी तिला कायद्याची सगळी कलमं ऐकवली आणि ती त्यांना गोळ्याची बरणी दाखवत म्हणाली, "एक खावा साहेब, घसा कोरडा पडला." मेसेज आला तो वीस मिनिटांनी. आता ते साहेब बीडमध्ये राहतात, गल्लीत चार मोबाईलची दुकानं आहेत, तरी रिचार्ज हिच्याकडूनच करतात, फोनवरून.

तर छबुबाई.

रामहरीचा निरोप आल्यावर त्यांनी अन्न सोडलं. गंगासागरनं स्वतःच्या फोनवरून अंगदला साधा परदेशी कॉल लावून दिला. अंगदनं उचलला. "आई, मी बरा हाय, ताप उतरलाय," एवढं म्हणाला आणि आवाज तुटला. आम्हाला वाटलं, झालं, म्हातारी आता जेवेल. पण छबुबाईंनी फोन परत दिला.

"ह्यो माझा अंगद न्हाई."

"काकू, तोच हाय. तापानं आवाज बसलाय."

"ताप हाय का ताप होता?" छबुबाईंनी विचारलं. मोहनरावांनी उपरणं सारखं केलं, मी चष्मा पुसायला घेतला.

त्याला कारण होतं. चार वर्षांमागं छबुबाईंचे मालक संभाजीनगरच्या दवाखान्यात वारले. आपल्याकडं रीत आहे, मेल्याची बातमी फोनवर सांगत नाहीत. "सिरियस हायत," म्हणतात, "जेवून घ्या, आमी येतोच." त्या दिवशी छबुबाईंना असे पाच फोन गेले. प्रत्येकानं सांगितलं, बरे आहेत, तुम्ही जेवा. त्या बिचाऱ्या जेवल्या, आणि तासाभरात गाडी दाराशी आली. पाचातला एक फोन मोहनरावांचा होता आणि एक माझा. तेव्हापासून फोनवरच्या आवाजावर त्यांचा भरवसा नाही. लेकाचं तोंड दिसल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाल्या, आणि आम्हाला कोणाला त्यांना समजवायचं तोंड नव्हतं.

म्हणजे करायचं एवढंच होतं. इथून अंगदच्या युगांडाच्या नंबरावर नेट धाडायचं. परदेशी नंबराला रिचार्ज करणारी ॲपं आहेत, हे गंगासागरला ठाऊक होतं, पण चौसाळ्यात तशी गरज कधी कोणाला पडली नव्हती. तिनं मोहनरावांना बाजूला बसवलं आणि फोन हातात घेतला. अकरा वाजले असतील. बाजाराचा दिवस, दुकानासमोर ही गर्दी.

तिनं तीन ॲपं उतरवून घेतली. मी शेजारीच, डोळ्याला चष्मा लावून.

"दाब की एक कुठलंबी," मोहनराव म्हणाले.

"तुमी दाबलं की सकाळी."

"आगं, मी सरपंच होतो, मला शिकवती का?"

"ओडिशात उभे ऱ्हावा मामा, पक्कं निवडून येताल."

पुन्हा हशा. पण तिचं लक्ष हसण्याकडं नव्हतं. ती काय करत होती ते मला आधी कळेना. तिन्ही ॲपांत पैसे न भरताच ती मदतीच्या खिडकीत जाऊन लिहीत होती: युगांडाला रिचार्ज केलं, पोचलं नाही, काय करू?

मी म्हणालो, "पोरी, आजून केलंच न्हाईस तू."

"तेच तर, आबा. तक्रार आदी करून बघायची. माल घेतल्यावर सगळेच गोड बोलतेत व्हय?"

ही तिची जुनी खोड. दुकानात नव्या कंपनीचा चहा घेऊन कोणी आला, की पुडा घ्यायच्या आधी ती पुड्यावरच्या नंबरला फोन लावते आणि चहा कुबट निघाल्याची तक्रार करते. कोण उचलतंय, किती वेळानं उचलतंय, कसं बोलतंय, ते कानानं तपासते. विक्रेता समोर घाम पुसत उभा असतो.

पहिल्या ॲपाचं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे, आपली रक्कम सात दिवसांत परत मिळेल. गंगासागरनं फोन शिवलिंगप्पांपुढं धरला. "बघा, न दिलेलं परत द्यायलेत!"

शिवलिंगप्पा हरखले. "घे की मंग. असा व्यापारी कुटं भेटतो?"

"मशीन हाय हो ते. खिडकीमागं मानूस न्हाई." तिनं ते ॲप काढून टाकलं. काढायच्या आधी मला एक गोष्ट दाखवली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, धाडायला काही पडत नाही. शेवटच्या पानावर मात्र तिकडं पोचणारा आकडा आपोआप कमी झाला होता. "पोतं वरून चांगलं, तळाला खडं," ती म्हणाली.

दुसरं ॲप दिसायला साधं, भाव चोख, सुरुवातीला जे दाखवलं तेच शेवटी. शिवलिंगप्पांना ते पसंत पडलं. पण मदतीच्या खिडकीत पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, कोणी हूं की चूं केलं नाही.

छबुबाई पायरीवरून म्हणाल्या, "सागर, गेलं का गं?"

"न्हाई काकू."

मोहनराव उठून उभे राहिले. "वैनी दोन दिवस उपाशी हायत आन् तू हितं चौकश्या करत बसलीस. काय लगीन जमवायचंय का त्या ॲपासंगं?"

"वरातीला तुमालाच पुढं धरते मामा, बसा."

असं बोलली खरी, पण उत्तर आलं का ते दर मिनिटाला उघडून बघत होती. शिवलिंगप्पा तिच्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "आगं, पोचलं म्हन की नुस्तं. म्हातारी दोन घास खाईल. तंवर तू तुजं कर निवांत." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मलाही ते पटलं होतं. छबुबाईंचे ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि गंगासागरचा शब्द चौसाळ्यात चालतो. तिनं नुसतं 'पोचलं' म्हटलं असतं, तर त्यांनी पाणी तरी घेतलं असतं.

गंगासागरनं नवऱ्याकडं बघितलंच नाही. ती पायरीवर जाऊन छबुबाईंजवळ टेकली आणि म्हणाली, "काकू, आजून पाटवलं न्हाई मी. कुटून पाटवायचं ते बघायलीये. टाइम लागंल. राग आला तर मला बोला."

छबुबाई म्हणाल्या, "बघ बाई. नीट बघ." रागावल्या नाहीत. उलट पायरीवर जरा मागं सरकून भिंतीला टेकल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

तेवढ्यात तिसऱ्या ॲपाची खिडकी वाजली. कोणीतरी हिंदीत लिहिलं होतं: ताई, तुमच्या खात्यावरून अजून काहीच पाठवलेलं दिसत नाही, चुकून दुसऱ्या ॲपातून केलंय का?

गंगासागर जागेवरून उठलीच. "पकडलं मला! आबा, ह्यांनी खोटं पकडलं. म्हंजी उघडून बघितलं कोनीतरी!" चोरी पकडली गेल्याचा एवढा आनंद मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला झालेला पाहिला नाही.

मग तिनं त्या खिडकीतल्या माणसाला खरं काय ते लिहिलं. पलीकडून एकेक सूचना येत गेली. देश आधी निवडा, मग नंबर टाका, तिकडचे लोक नंबराच्या पुढं शून्य सांगतात ते घेऊ नका. नंबर टाकल्याबरोबर तिकडची कंपनी कोणती ते ॲपानं आपलं आपण ओळखून दाखवलं. गंगासागरनं विचारलं, बोलायचं नाही, तोंड बघायचंय, काय धाडू? उत्तर आलं, मग नुसता बॅलन्स पाठवू नका, नेटचा पॅक पाठवा. नुसता बॅलन्स पाठवला आणि नेट चालू राहिलं तर तो तसाच उडून जाईल.

"हे सगळ्यात महाग हाय पर," शिवलिंगप्पा मागून म्हणाले.

"असू द्या. हितं विचारलं तर कोनी हाय म्हनतंय."

तिच्या बँकेच्या कार्डाला परदेशी खरेदी बंद होती, ती तिनं बँकेच्या ॲपात जाऊन उघडली. आणि तरीही पॅक धाडला नाही. आधी सगळ्यात लहान बॅलन्स धाडला, नमुन्याचा. मोहनरावांनी कपाळाला हात लावला. ॲपावर हिरवी खूण आली, यशस्वी झालं. मी म्हणालो, "पोचलं!"

"आबा, हे त्यांचं म्हननं झालं," ती म्हणाली आणि फोन काउंटरवर ठेवून त्याच्याकडं बघत उभी राहिली. "अंगदच्या फोनात बॅलन्स शून्य हाय. मघाशी त्याच्या नंबराला साधा मेसेज टाकून ठिवलाय, पैसे आले की मला मिसकॉल दे. शून्यावर मिसकॉल देता येत न्हाई."

काय डोकं आहे बघा! मिसकॉल हा आपला राष्ट्रीय धंदा, सगळ्या मुलखानं वर्षानुवर्षं फुकट निरोप धाडले त्याच्यावर. पण पावती म्हणून तो वापरावा, हे मला तरी सुचलं नसतं.

चार मिनिटं गेली. एक गिऱ्हाईक शेंगदाणे मागत होतं, त्याला कोणी भाव सांगेना. आणि फोन वाजला. एकदाच. दोनशे छप्पनपासून सुरू होणारा नंबर. उचलायच्या आत बंद.

गंगासागरनं नेटचा पॅक धाडला. मग छबुबाईंचा हात धरून त्यांना आत आणलं, तेलाच्या डब्यावर बसवलं आणि व्हिडिओ कॉल लावला.

पडदा आधी काळा, मग पिवळा, मग हललेला. आणि मग अंगद. दाढी वाढलेली, डोळे खोल, हाताला सलाईनची पट्टी. पण अंगदच.

छबुबाई रडतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "उठून बस."

"आई, आगं सलाईन..."

"बस म्हनते ना."

तो कसाबसा बसला. त्यांनी त्याला उजवीकडं मान वळवायला लावली, डावीकडं वळवायला लावली, कानामागचा लहानपणीचा डाग बघितला. मग विचारलं, "काय खाल्लंस?"

"केळ्याची भाजी."

"खोटं बोलतोय!" छबुबाई आमच्याकडं वळून म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मोहनराव बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. उपरण्यानं काय पुसत होते ते मी विचारलं नाही.

छबुबाई तिथंच जेवल्या, गंगासागरच्या घरातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, फोन समोरच्या डाळीच्या पोत्यावर उभा करून. अंगदला दाखवून दाखवून एकेक घास. "पोचलं काकू," गंगासागर तेव्हा म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.

ही गोष्ट पाडव्याच्या आधीची. तेव्हापासून दर बाजाराला तिच्या काउंटरवर तीनचार माणसं परदेशी नंबर घेऊन येतात. कोणाचा जावई मस्कतला क्रेनवर, कोणाचा भाचा बोटीवर. धाब्यावरचा नेपाळी आचारीही बायकोच्या फोनासाठी येतो. दर महिन्याला ती त्या ॲपाला एक खोटी तक्रार घालते, अजून कोणी उचलतंय का ते बघायला. परवा माझ्या नातीनं, आरोहीनं, विचारलं, आबा, ही मावशी कुठं शिकली हे? मी म्हणालो, बाळ, साखर नि चहा विकताना.

पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली होती. काल दुकानात गर्दी जरा कमी बघून मी तिला विचारलं, "गंगासागर, शिवलिंगप्पा म्हनले तसं तू नुस्तं पोचलं म्हनली असतीस, तर छबुबाई दोन तास आदी जेवल्या असत्या. कावून म्हनली न्हाईस?"

ती काउंटर पुसत होती. हातातलं फडकं तसंच ठेवून म्हणाली:

"जेवल्या असत्या आबा, पर मागच्या खेपेला तुमच्या शब्दावर जेवल्या तशाच जेवल्या असत्या. पुन्ना तसा घास कसा घालू मी त्यांच्या तोंडात? आता सरका जरा, ही मस्कतवाली मावशी कवाची उभी हाय, तिच्या जावयाच्या नंबराला कंपनी कोन्ती हाय ते बघू द्या मला."